एकुलत्या मुलाच्या चार बायका

सुनेला व्हिसा मिळाला नाही. खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट परत सरकवला, त्यात एक रंगीत चिठ्ठी घातली, आणि सून हात हलवत परत आली.

पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू. वीटभट्टीवर सगळे तसंच धरून चालले होते आणि त्यांचं काही अडलं नाही, मग आपलंच काय अडणार आहे? तर मुलाखत अजून व्हायची आहे, सुनेच्या बॅगेला नवी चेन बसवून आणलेली आहे, आणि अवकाळी पाऊस नुकताच पडून गेलेला आहे.

पाऊस जेमतेमच पडला, पण पडला तो नेमका वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर. सकाळी सासरे जाऊन बघतात तर विटांच्या रांगाच्या रांगा खाली बसलेल्या, कडा गेलेल्या, नळाखाली विसरलेल्या साबणाच्या वड्यांसारख्या. त्यांनी एक वीट उचलून पाहिली. अर्धीच वर आली.

"भिजल्या," सासरे म्हणाले. ते मोजकं बोलत.

"भिजल्या कसल्या, विरघळल्या," सासूबाई म्हणाल्या. त्या दुरुस्त्या करत.

दुपार व्हायच्या आत मजुरांची बिऱ्हाडं उठली आणि नदीपलीकडच्या भट्टीवर गेली. तिकडे थेंब पडला नव्हता. मागे उरल्या तिघी. मावशीला तेवढं चालणं झेपलं नसतं. तिच्या तोंडात दात नव्हते आणि गुडघ्यात वंगण नव्हतं. उंचीमुळे जिला सगळे लांबी म्हणत, तिचं नदीपलीकडच्या मालकाशी भांडण होतं. आणि हसरी राहिली, कारण तिला राहा म्हटलं की ती राही आणि जा म्हटलं की जाई, आणि दोन्ही वेळा हसे.

चौथी सून.

सून मूळची शिंप्याची पोर. माहेरी तिनं हातात सुईपेक्षा जड काही धरलं नव्हतं. नवरा परदेशात टायरच्या दुकानात कामाला होता. तिथं कायमचं राहायचा कागद त्याला मिळाला होता, आणि बायकोला बोलावून घ्यायचा हक्क त्या कागदातच होता. तो लग्नाला आला, लग्न झालं, आणि बॅगेतले कपडे पुरते बाहेर निघायच्या आत परत गेला. "भट्टीवर राहायचं आहेच किती? चार दिवस," असं सुनेचे वडील म्हणाले होते. ते चार दिवस आता दुसऱ्या मोसमात शिरले होते.

दरम्यान एक अनर्थ झाला. सुनेला काम चांगलं यायला लागलं.

विटा पाडायला तर ती शिकलीच, पण खरी अक्कल लागते भट्टी लावताना. कच्च्या विटा थरांनी रचायच्या, मध्ये जळण भरायचं आणि वारा फिरायला वाट ठेवायची. वाट मोठी झाली तर विटा जळून काळ्या, बुजली तर आतून कच्च्या. सुनेला ते डोळ्यांनी कळायचं. शिवणीचं अंतर बघायची सवय असल्यामुळे असेल. तिच्या हातची पहिली भट्टी उघडली तेव्हा सासऱ्यांनी दोन विटा एकमेकींवर वाजवल्या, त्या पितळी भांड्यासारख्या वाजल्या, आणि सासरे म्हणाले, "हं."

सासूबाई म्हणाल्या, "हं काय, छान झाली म्हणा."

या भट्टीवर एक जुनी रीत होती. काखेत फाइल धरलेला माणूस रस्त्यावर दिसला की सासरे हाक मारत, "सूनबाई!" की पुरुष मजूर मागच्या मागे पसार होत आणि सगळ्या बाया हातातलं टाकून रांगेत उभ्या राहत. कामगार खात्याच्या साहेबाला मजूर दिसले की तो त्यांच्यासाठी शेड मागतो, संडास मागतो, नोंदी मागतो. घरचीच माणसं असली की चहा मागतो. म्हणून सासरे सांगत, "सगळं घरचंच आहे साहेब, या सुना." मुलगा एकच होता, पण जास्त मुलगे सांगितले असते तर ते दाखवावे लागले असते. सुना समोर उभ्याच होत्या.

मोसमाच्या सुरुवातीलाच साहेब येऊन गेला होता. रांगेत तो मावशीपुढे थांबला.

"ही पण सून?"

"थोरली," सासरे म्हणाले.

"ही तुमच्या बायकोपेक्षा मोठी दिसते."

"उन्हानं."

साहेब पुढे सरकला. लांबीकडे मान वर करून बघितलं, हसरीला बघून स्वतःही जरा हसला, आणि सुनेपुढे थांबला. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, कपाळावर राख, हाताला चिरा. साहेबानं फाइल तिच्याकडे रोखली. "आप्पा, बाकीचं राहू द्या. पण ही मजूर आहे."

सासरे घाईनं म्हणाले, "नाही हो साहेब, ही खरी."

"म्हणजे बाकीच्या?"

"त्याही खऱ्याच. ही जरा जास्त."

साहेब चहा पिऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस चिखल तुडवताना लांबी मध्येच ओरडायची, "ही मजूर आहे!" आणि सगळ्या हसून हसून कमरेवर हात ठेवायच्या. सूनही हसायची. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

पावसानंतर सगळं पहिल्यापासून सुरू झालं. विरघळलेल्या विटा परत चिखलात, चिखल परत पायाखाली, गोळा साच्यात आपटायचा, वरचा उरलेला फळीनं कापायचा, साचा उलटा करायचा, उचलायचा, पुढची. दिवस कलला की सुनेची बोटं मिटायची नाहीत. जेवताना घास बोटांत धरण्याऐवजी ती तो तळव्यावरून तोंडात ढकलायची. सासूबाई बघायच्या आणि ताटात जरा जास्त वाढायच्या. त्या वाईट नव्हत्या. हे पुढे लक्षात ठेवायला जड जाईल, म्हणून आत्ताच सांगून टाकलं.

व्हिसाचं कामही साच्यातल्यासारखंच चाललं होतं. नवऱ्यानं तिकडे अर्ज केला, तो मंजूर झाला. इकडे सुनेचे फोटो काढले, कान दाखवून काढले, मग कान दिसत नाहीत म्हणून परत काढले. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. पोलिसांनी लिहून दिलं की तिच्यावर कसलाही गुन्हा नाही; देताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशा होती. मग ठशांसाठी बोलावलं.

काचेवर तिनं बोटं टेकवली. यंत्रानं नकार दिला. बोटं पुसली, परत टेकवली. परत नकार.

"बाई, ठसे कुठे गेले?" यंत्रावरच्या मुलीनं विचारलं.

"विटांवर," सून म्हणाली. ते खरंच होतं. वाळूमिश्रित चिखलानं बोटांवरच्या रेषा घासून नेल्या होत्या. मुलीनं क्रीम लावलं, चोळलं, फुंकर मारली, आणि एकेक बोट दाबून धरून कसेबसे ठसे घेतले. शेवटी म्हणाली, "काही दिवस काम बंद ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं."

सुनेनं ते घरी सांगितलं. सासरे म्हणाले, "हं." सासूबाईंनी या वेळी दुरुस्ती केली नाही.

रोज संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मुलाखतीत नवरा-बायको खरे आहेत का हे बघतात, म्हणून तो उजळणी घ्यायचा.

"मला कुठली भाजी आवडते?"

"तुम्हाला भाजीच आवडत नाही."

"बरोबर. मी कुठल्या कुशीवर झोपतो?"

"डाव्या. आणि पांघरूण सगळं ओढून घेता."

"दुसरं विचारणार नाहीत. माझ्या दुकानाच्या समोर काय आहे?"

"दवाखाना. जनावरांचा."

"शाबास. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी काय घातलं होतं?"

"चपला मोठ्या घातल्या होत्या. चुलतभावाच्या."

"अगं, शर्टाचा रंग सांग. चपलांचं नको सांगूस."

दिवसा तिघी तिची परीक्षा घेत. साचा आपटता आपटता लांबी विचारायची, "तीळ?" सून सांगायची, "मानेवर, मागं." हसरी विचारायची, "सासूचं माहेरचं नाव?" आणि सुनेच्या आधी मावशीच उत्तर देऊन टाकायची. मावशीला सगळं पाठ झालं होतं: शर्ट, दवाखाना, कूस. मुलाखत मावशीची घेतली असती तर ती पहिल्या नंबरानं पास होऊन विमानात बसली असती.

"तिकडे गेल्यावर आम्हाला विसरशील," लांबी म्हणाली.

"तुम्हाला कशी विसरेन? जावा ना तुम्ही माझ्या," सून म्हणाली, आणि चिखलात उभ्या चौघी जावा हसल्या.

मग एक दिवस सासऱ्यांनी सुनेला जळणाचा भुसा आणायला गिरणीवर पाठवलं. हे काम एरवी ते स्वतः करत. ट्रॅक्टरवर भुशाच्या पोत्यांवर बसून सून परतली तेव्हा ओट्यावर चांगला कप धुऊन उपडा घातलेला होता. हा कप पाहुण्यांचा.

"कोण आलं होतं?"

"कामगार खात्याचा," सासूबाई म्हणाल्या. पाठ फिरवून म्हणाल्या.

"परत? एवढ्यात?"

"त्यांना काय काम आहे दुसरं."

सुनेनं नाकातला भुसा शिंकरून काढला आणि हात धुवायला गेली. मावशी पाण्याच्या टाकीपाशी होती. मावशीनं तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. दात नसलेल्या माणसाचं तोंड मिटलं की फार मिटल्यासारखं दिसतं.

त्या संध्याकाळीही फोन आला. त्यानंतरही रोज येत राहिला. शर्ट, कूस, दवाखाना.

मुलाखतीच्या दिवशी सून इस्त्रीची साडी नेसून कॉन्सुलेटच्या दारात उभी राहिली. फोन काढून घेतला. पाण्याची बाटली काढून घेतली. धातू तपासायचा दरवाजा दोनदा वाजला. केसांतल्या पिना काढल्यावर गप्प झाला. आत खुर्च्यांच्या रांगा, आणि सगळे लोक ओठ हलवत उजळणी करत होते, कुणाची तरी भाजी, कुणाची तरी कूस.

खिडकीत काचेपलीकडे एक बाई होती आणि तिच्या शेजारी दुभाषा. सुनेनं उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली. वर केलेल्या हाताच्या चिरांकडे बाई जरा बघत राहिली.

प्रश्न सुरू झाले. कुठे भेटलात, काय करतो, रोज बोलता का. सून धडाधड उत्तरं देत गेली. चपलांचंही सांगितलं, आणि बाई चक्क हसली. सुनेला वाटलं, झालं. आता शिक्का.

बाई पडद्याकडे बघून सावकाश काहीतरी लांबलचक बोलली. दुभाष्यानं घसा साफ केला.

"साहेब विचारतात, तुमच्या नवऱ्याला बायका किती?"

"मी एकटी."

"चौकशीला आमचा माणूस घरी गेला होता. सासऱ्यांनी सांगितलं, मुलगा एक, सुना चार. एक गिरणीवर गेली आहे. तिघी समक्ष हजर होत्या. त्यांतल्या एकीला दात नव्हते."

सुनेला हसू फुटलं. आवरेना. दुभाष्यानं तेही बाईला सांगितलं असावं, कारण बाईनं ते टाइप केलं.

मग सुनेनं सगळं समजावून सांगितलं. भट्टी, कामगार खातं, रांग, चहा. दुभाषा सांगत गेला, बाई ऐकत गेली.

"म्हणजे तुमच्या घरी सरकारी माणसाला खोटं सांगतात?"

"फक्त कामगार खात्याच्या."

"तुम्हीही त्या रांगेत उभ्या राहिलात?"

शपथेचा हात सुनेला अजून वर असल्यासारखा वाटत होता. "राहिले."

"काय म्हणून?"

"सून म्हणून."

"म्हणजे खोटं."

"नाही, मी खरी आहे. बाकीच्या खोट्या."

"तुम्ही खोट्या रांगेत खऱ्या म्हणून उभ्या होतात?"

"हो."

दुभाष्यानं हे दोनदा सांगून पाहिलं. बाईनं कपाळ चोळलं. मग आवाज खाली आणून काहीतरी बोलली, आणि दुभाष्यानंही आवाज खाली आणला.

"साहेब म्हणतात, अशा गोष्टी निस्तरता येतात. म्हणूनच आम्ही तुमच्या नवऱ्याला लेखी विचारलं होतं की बायका किती, एका ओळीत कळवा. परत आठवणही दिली. त्यांचं उत्तर नाही."

"त्यांना मिळालं नसेल."

"पोहोचल्याची नोंद आहे."

"टायरच्या दुकानात फार काम असतं," सून म्हणाली. खिडकीतून पासपोर्ट परत आला. बाई काहीतरी बोलली, ते मात्र दुभाष्यानं सांगितलं नाही. बहुतेक सहानुभूती असावी. तिचं भाषांतर करायचा हुकूम नसतो.

सून परतली तेव्हा तिघी भट्टीसाठी विटा डोक्यावरून वाहत होत्या. तिचा चेहरा बघून लांबीनं "ही मजूर आहे!" असं ओरडायला उघडलेलं तोंड तसंच ठेवलं.

सून सरळ मावशीपुढे गेली. "मावशी, भुशाच्या दिवशी कोण आलं होतं?"

मावशीनं डोक्यावरच्या विटा एकेक करून उतरवल्या. सगळ्या उतरवून झाल्यावर बोलायलाच लागलं.

"बाई, तो माणूस बिचारा सांगत होता गं. मी व्हिसाच्या चौकशीचा, कॉन्सुलेटचा, सकाळी फोन केलेला, असं दोनदा सांगितलं त्यानं. मला ऐकू आलं म्हणजे मोठ्यानंच सांगितलं असणार. तरी आप्पांनी हाक मारली. आम्ही आपल्या सवयीनं उभ्या राहिलो."

"तू बोलली का नाहीस?"

"कुठे जाऊ बोलून?" मावशी म्हणाली. "नदीपलीकडे?"

सासरे थराच्या पायाशी दोरी ताणत होते. सून जवळ गेली तरी ते दोरीकडेच बघत राहिले.

"आप्पा, तो कॉन्सुलेटचा आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"भट्टी लागली नव्हती," सासरे म्हणाले.

"आप्पा."

"तुझ्याशिवाय थर लावायला कोण आहे सांग. एवढ्या विटा दुसऱ्यांदा पाडल्या. कच्च्या निघाल्या असत्या तर घर बसलं असतं." सासरे आयुष्यात एका दमात एवढं बोलले नव्हते. दमले. मग म्हणाले, "त्याला विचारूनच केलं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दुरुस्ती केली. "विचारून नाही. सांगून. तो बरं म्हणाला."

संध्याकाळी फोन आला. मागं दुकानात हवेच्या यंत्राचा फुस्स आवाज येत होता.

"कशी झाली?"

"अहो, त्यांनी तुम्हाला लिहून विचारलं होतं म्हणे."

फुस्स.

"आलं होतं," नवरा म्हणाला. "आप्पा म्हणाले, एवढी भट्टी निघू दे. मला वाटलं, उत्तर उशिरा दिलं की व्हिसा उशिरा होईल. नाही म्हणतील असं कुठे वाटलं होतं?"

"त्यानंतर रोज तुम्ही मला कूस विचारत होतात."

"तयारी असलेली बरी ना."

"कशाची?"

फुस्स. कुणीतरी टायर आपटला.

"आता दे ना उत्तर," सून म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी एकेरीत बोलली होती. तिच्या ते लक्षात आलं. त्याच्या आलं नाही. "एका ओळीचं तर आहे. बायको एकच आहे म्हणून कळव."

"अगं, तसं कळवलं तर आप्पांनी सरकारी माणसाला खोटं सांगितलं असं होतं. उद्या मला आप्पांना इकडे बोलवायचं झालं तर? त्यांच्या नावावर डाग नको. तू जरा समजून घे."

"मग चार राहू देऊ?"

नवऱ्यानं विचार केला. खरंच केला, ऐकू येण्याइतका.

"सध्या राहू दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं थर लावले. विटा तिघींच्या डोक्यावरून आलेल्या होत्या, त्या कच्च्या काढून तिला आप्पांचा राग मावशीवर काढायचा नव्हता. वारा फिरायला जिथे हवी तिथे वाट ठेवली. दुपारी सासूबाईंनी ताट वाढून हाक मारली. सून तिघींच्या शेजारी सावलीत बसली होती. हसरीनं आपल्या डब्याचं झाकण तिच्यापुढे सरकवलं, आणि तिनं त्यात जेवून घेतलं. सासूबाई ताट घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मग ताट झाकलं.

भट्टी पेटली, धुमसली, निवली. विटा वाजल्या. सासरे "हं" म्हणाले नाहीत.

बाजाराच्या दिवशी सून टाइपरायटरवर अर्ज करून देणाऱ्याकडे गेली. रंगीत चिठ्ठीवर लिहिलेलं होतं की अर्जदारास आणखी काही सांगायचे असल्यास लेखी कळवावे. अर्जवाल्यानं कागद चढवला.

"व्हिसाची मागणी पहिल्या परिच्छेदात घालू की शेवटच्या?"

"घालू नका."

"मग त्यांनी मंजूर काय करायचं?"

"मी सांगते, तुम्ही ठोका."

अर्जवाल्यानं मध्येच एकदा थांबून तिच्याकडे बघितलं. "बाई, असा अर्ज नसतो."

"आता आहे," सून म्हणाली. आणि तो असा होता:

मा. अधिकारी साहेब, मुलाखत खिडकी, यांचे सेवेशी.

विषय: नवऱ्याची मुलाखत घेणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की, अर्जदाराने आपल्या समक्ष शपथेवर सर्व प्रश्नांची उत्तरे दिलेली आहेत. तथापि अर्जदाराच्या नवऱ्यास एकही प्रश्न समक्ष विचारण्यात आलेला नाही. सबब सदर इसमास आपल्या खिडकीसमोर उभे करण्यात यावे, त्याचा उजवा हात वर करण्यात यावा, व "ही तुझी कोण?" एवढा एकच प्रश्न अर्जदाराचा फोटो दाखवून विचारण्यात यावा. उत्तर देण्यास त्यास पाहिजे तेवढी मुदत द्यावी, मात्र वडिलांस विचारण्याची परवानगी देऊ नये. जे उत्तर येईल ते शिक्का मारून अर्जदारास टपालाने कळवावे, ही नम्र विनंती. व्हिसाची आवश्यकता नाही.